दोन मात्रांची जागा

मुलगा गेल्यानंतर ताई एकटीच गुणगुणत बसली होती. ती चाल संगीतकार भावानं गुपचूप फोनवर टिपली आणि स्वतःच्या नावावर खपवली. मुखड्यानंतर तिला हुंदका आला होता; तेवढ्या दोन मात्रा त्यानं रिकाम्या सोडल्या.

ताईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चाल नेलीस ना? मग हुंदकाही तुझ्यापाशीच ठेव."

आज भर दुपारी स्टुडिओत गायिका हसतमुखानं गायली. नेमक्या त्या दोन मात्रांत हुंदका उमटला.

"बाई, रडताय कशाला?" काचेपलीकडून रेकॉर्डिस्टनं विचारलं.

"मी? छे! तोंड मिटलेलं होतं माझं."

पाच वेळा गाऊन झालं. पाचही वेळा तेच. संगीतकाराचं टाळकं सरकलं. "व्हा बाजूला, मीच गातो!"

मुखडा संपताच त्यानं ओठ घट्ट मिटले आणि बोटांवर मोजलं. एक, दोन. सगळं चिडीचूप. मनातल्या मनात ताईला वाकुल्या दाखवत त्यानं अंतऱ्यासाठी तोंड उघडलं.

आतून ताईचा हुंदका बाहेर पडला. त्यानं तोंडावर हात दाबला, तरी तो थांबेना. दुसऱ्या हाताची बोटं आपसूक मोजतच राहिली. तीन, चार, पाच, सहा...