आ करा

शनिवारचा वर्ग त्या दिवशी धोंडूच्या खोलीत भरला. म्हणजे वर्गातली माणसं त्याला बघायला आली. घोडपदेवच्या चाळीतली खोली ती, केवढीशी असणार! काहीजण पलंगावर धोंडूच्या पायाशी, बाकीचे खाली चटईवर, आणि आणलेली शहाळी दारात. सगळ्यांनाच कधी ना कधी लकव्याचा झटका येऊन गेलेला, त्यामुळे एकमेकांना धरून बसता बसताच बराच वेळ गेला.

धोंडू त्यांचा मास्तर. शाळेतला नव्हे, आयुष्यभर लेथ मशीनवर राबलेला. पहिल्या झटक्यातून तो उठला तेव्हा इस्पितळातल्या मॅडम म्हणाल्या, "हे लोक आमचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील." आणि ऐकलंही. गणपती मंडळाच्या कार्यालयात, जुन्या मखराशेजारी, तो दर शनिवारी सगळ्यांना आपल्यासमोर गोळ्या घ्यायला लावायचा. बीपीची, रक्त पातळ राहायची. मग म्हणायचा, "आ करा." साठी उलटलेली माणसं जिभा बाहेर काढून बसायची. मास्तर एकेकाच्या तोंडात डोकावून "शाबास" म्हणेपर्यंत तोंड मिटायची सोय नव्हती. पुन्हा झटका नको असेल तर गोळी चुकवू नका, माझ्याकडे बघा, असं तो छाती ठोकून सांगायचा.

आता सगळे त्याच्याकडेच बघत होते. मागच्या पंधरवड्यात त्याला दुसरा झटका आला होता. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. ऐकू येत होतं, कळत होतं, पण बोलायला गेला की नुसतं "ता, ता" व्हायचं.

"एक दिवस चुकवली नाही हो यांनी गोळी," त्याची बायको अंबिका कौतुकाने म्हणाली. आपण काय बोलून बसलो ते तिला बोलल्यावर कळलं.

"तेच तर!" खालच्या मजल्यावरचा रामजी म्हणाला. वर्गातला सगळ्यात हट्टी तो. त्याच्या ताटातला खारा बांगडा धोंडूने एकदा उचलून मांजरीला टाकला होता, तेव्हा कुठे तो वर्गाला यायला लागला.

"गोळ्यो खाऊन पण ह्यां असांच होतला," सुंदराबाई चटईवरून म्हणाल्या, "तर खाऊच्यो कित्या?"

"मी तर सोमवारपासून बंद केल्या," रामजी म्हणाला. "खारं पण सुरू केलंय. जायचंच आहे, तर बांगडा खाऊन जाऊ."

सगळे हसले. हसण्यात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, आणि तेच धोंडूला झोंबलं. उत्तर तयार होतं त्याच्याकडे. गणपतीला गावाला जाताना दाराला कुलूप लावतोस ना रे? कुलूप लावूनही चोरी होते कधीकधी. म्हणून पुढच्या वर्षी दार सताड उघडं टाकून जाशील का, मूर्खा? अख्खं वाक्य डोक्यात उभं होतं, 'मूर्खा'सकट.

"ता," तो म्हणाला. "ता, ता, ता!"

"पाणी पाहिजे वाटतं त्याला," रामजीने शहाळ्याची नळी त्याच्या तोंडाला लावली. धोंडूने मान झटकली. रागाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाहून सुंदराबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मग त्याने डावा हात उचलून फळीकडे दाखवलं. गोळ्यांचा डबा. अंबिकाने केळं काढलं, वाटीत गोळी चुरायला घेतली; गिळताना ठसका लागू नये म्हणून इस्पितळात तसंच सांगितलं होतं. धोंडूने हाताने वाटी ढकलली. त्याला अख्खी गोळी हवी होती, सगळ्यांच्या देखत. अंबिकाला ते कळलं. जीव मुठीत धरून तिने गोळी त्याच्या जिभेवर ठेवली, घोटभर पाणी पाजलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

धोंडूने आ केला. जीभ बाहेर काढली आणि एकेकाच्या चेहऱ्यावरून नजर फिरवत रामजीवर आणून थांबवली.

कोणी त्याच्या तोंडात बघितलं नाही. सगळे हनुवटीकडे बघत होते. तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून पाण्याबरोबर गोळी बाहेर आली होती आणि गंजीफ्रॉकवर चिकटून बसली होती. त्या बाजूचं धोंडूला काही कळतच नव्हतं.

रामजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कळलं, मास्तर," तो हळूच म्हणाला. "कळलं मला."

वासलेल्या तोंडानेच धोंडूचा अर्धा चेहरा हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

अंबिकाने पदराने त्याची हनुवटी पुसली, गोळी मुठीत घेतली आणि ती रामजीच्या मागोमाग गॅलरीत गेली.

"भावोजी, थुंकली नाही त्यांनी. पडली ती. त्यांना समजतच नाही त्या बाजूचं."

"वहिनी, जाऊ द्या ना आता," रामजी म्हणाला. "कशाला झाकताय? त्याला सांगायचं ते त्याने सांगितलं." कठडा धरून, एक पाय ओढत, तो जिना उतरायला लागला. बाकीचेही एकेक करून उठले.

अंबिका आत आली. धोंडू अजून तसाच होता, जीभ बाहेर, आ वासलेला. लाळ उशीवर उतरली होती. तो तिच्याकडे बघत होता, वाट बघत होता.

तिच्या मुठीत गोळीचा लगदा झाला होता.

"शाबास," ती म्हणाली.

तेव्हा कुठे त्याने तोंड मिटलं, मिटेल तेवढं.