मुद्देमालाचं वय

कायद्याचं काळीज आईचं असतं. लेकराला तो कधी मोठ्यांच्या तुरुंगात टाकत नाही. न्यायाधीशबाईंनी हे गंभीरपणे सांगितलं, तेवढ्यात टेबलावरच्या टोपलीतला मुद्देमाल आरवला.

मुद्देमाल म्हणजे कपितानचा झुंजीचा कोंबडा. कपितान हा फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराजवळच्या आमच्या वस्तीचा निवडून आलेला मुखिया. आरोपी रोवेलिन. कठड्यामागे तिचं फक्त कपाळ दिसत होतं.

"चोरला नाही," कपाळ म्हणालं. "उन्हात बांधला होता. सावलीत नेला."

"तुझ्या आजीच्या पातेल्यात सावली असते का गं?" कपितानने विचारलं. कोर्ट हसलं.

"आरोपीचं वय?"

"दहा," तिची आजी, लोला सेपा, म्हणाली. "मोठं वादळ आलं ना बाईसाहेब, आमचं छप्पर उडालं, त्याच दिवशी जन्मली."

"दाखला?"

"तो छपराबरोबर गेला."

फौजदाराने अंदाजाने अठरा लिहिलं होतं. अंदाजावर सही-शिक्का होता, वादळावर नव्हता. बाईंनी अठरा कायम केलं.

मग कोंबडा ठाण्यात ठेवायची गोष्ट निघाली. कपितानचा आवाज कापरा झाला. "बाईसाहेब, पोर आहे हो अजून. नऊ महिन्यांचा. जप्तीतल्या थोराड कोंबड्यांत टाकलात तर टोचून मारतील त्याला." त्याने जन्मतारखेचा कागद दाखवला, आईबापांची वंशावळ दाखवली, पायातली नंबराची पट्टी दाखवली. बाईंनी चष्मा पुसला. कोवळं वय लक्षात घेऊन कोंबडा कपितानच्या ताब्यात दिला, आणि रोवेलिनला बायकांच्या तुरुंगात धाडलं.

"तिलाही टोचतील हो," लोला सेपा म्हणाली.

"कागद आणा, आजी."

आजीने आणला. पुढच्या तारखेला चर्चच्या वहीतला बाप्तिस्म्याचा उतारा टेबलावर आला. वय दहा. बाई मनापासून हळहळल्या. पण मुद्देमाल हजर नसेल तर काम सुरू होत नाही. कोंबडा येईपर्यंत आरोपी आत, असा हुकूम झाला.

कोंबडा रविवारीच आखाड्यात उतरला होता. तिथे कपितानने त्याचं वय दीड वर्ष सांगितलं. कागद कुणी मागितला नाही. तो हरला. हरलेला कोंबडा आमच्याकडे त्याच दिवशी लसूण-व्हिनेगर घालून शिजवतात.