चारदाच धुतलेला खण

एचआयव्हीच्या चाचणीच्या प्लेटमधला नवऱ्याच्या रक्ताचा खण पिवळाधमक झाला, म्हणजे लागण दिसली, तशी लॅबवाल्या बाईच्या पायाखालची जमीन सरकली. पुन्हा तपासल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, हा नियम ती नवख्यांकडून घोकून घ्यायची. पण घरात शिरताच तिच्याच तोंडून निघून गेलं. रडत रडत त्याने तिच्या धाकट्या बहिणीचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने तोच नमुना पुन्हा लावला. खण पाण्यासारखा स्वच्छ. काल घाईत तिने तो पाचऐवजी चारदाच धुतला होता. मागे राहिलेल्या रसायनाने खोटाच रंग धरला होता.

तिने फोन केला. "तुला काही झालेलं नाही. चूक माझी होती."

"हुश्श! मग कालचं काही मनावर घेऊ नकोस हं."