नेटचा ड्रेस

अकरा वर्षं झाली लग्नाला, पण टेलरबाईच्या नवऱ्याला साधा टॉवेल धड निवडता येत नव्हता. आणि आज तिला वाढदिवसाचं कापड घ्यायला दुकानात घेऊन गेला, तर हाच माणूस फुलाफुलांचं स्ट्रेच नेटचं जाळीदार कापड दोन्ही हातांनी ताणून बघत होता. आडवं ताणलं, उभं ताणलं, उजेडात धरलं.

"हे नको, ताणलं की फुलं पांढरी पडतायत. ते निळं काढा," तो दुकानदाराला म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "आणि हे पिळायचं नाही हं. गार पाण्यात धुवायचं, सावलीत आडवं पसरायचं. इस्त्री तर लांबच ठेवायची."

टेलरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. याला हे कुणीतरी शिकवलंय. कुणीतरी बाई. बारीक कंबरेची, नेट घालून मिरवणारी. घरी पोचेपर्यंत तिने त्या बाईचं नाक-डोळेसुद्धा ठरवून टाकले.

दार लागल्या लागल्या तिने विचारलंच, "कोण आहे ती?"

"कोण ती?"

"जिच्या नादाने तुला कापडातलं एवढं कळायला लागलं, ती!"

"अगं, तूच की! रोज मशीनवर बसून गिऱ्हाइकांना सांगत असतेस. मी आतल्या खोलीत एकटा जेवत असतो ना, तेव्हा सगळं ऐकू येतं."

ती काही बोलणार, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "तुझा आवाज मला तेवढाच तर मिळतो."