जाळीत अडकलेलं कापड

"कपडे टाकताना खिसे तपासायचे, जाळी महिन्यातून एकदा धुवायची. एवढीही अक्कल नको?" झोलिलेनं भावजयीला सुनावलं.

वॉशिंग मशीन गढूळ पाण्यानं भरून अडली होती. दवाखान्यातून नुकतीच आलेली पुमेझा गणवेशावर शाल घेऊन, परात लावून फरशीवर बसली होती. हात लावायचं झोलिलेच्या मनातही आलं नाही. तिचा नवरा लुवुयो जाऊन चार महिने झाले होते. धाकट्या भावाच्या या घरात झोलिले गेले पंधरा दिवस तळ ठोकून होता. जेवायचं तिच्या हातचं, कपडे धुवायचे तिनं, आणि वर नावंही तिलाच ठेवायची.

घर त्याला हवं होतं. पुमेझानं इथं राहायचं की माहेरची वाट धरायची, हे त्याची आत्या, घरातली वडीलधारी, उद्या भावकीपुढे सांगणार होती. ती आज सकाळीच इथं मथाथा गावी पोचली होती आणि तेव्हापासून झोलिले तिचे कान भरत होता.

"विधवेनं वर्षभर नखशिखान्त काळं घालायचं असतं. या बाईसाहेब बाहीवर चार बोटं कापड लावून मोकळ्या! म्हणे, नर्सला गणवेश लागतो. आत्या, नवऱ्याची किंमत चार बोटं!"

पुमेझानं मशीनचं खालचं झाकण फिरवलं. घाण पाणी भसाभसा परातीत आलं. मग जाळी निघाली. तिच्यात केसांचा गुंता, लोकरीचा लगदा आणि एक काळा चौकोनी तुकडा होता.

झोलिलेनं तुकड्यावर झडपच घातली. इतका आनंद त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

"बघ आत्या, बघ! दुखवटा धुऊन टाकला हिनं! माझ्या भावाला गटारात सोडायला निघाली होती!"

आत्याचा चेहरा कठोर झाला. "सूनबाई, शाल काढ."

पुमेझानं ओल्या हातांनी शाल बाजूला केली. पांढऱ्या बाहीवर काळं कापड होतं, चारही बाजूंनी बारीक टाक्यांनी शिवलेलं.

आत्यानं त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग झोलिलेकडे वळली.

"काळं कापड भावानंही लावायचं असतं ना रे? तुझं कुठंय?"

झोलिलेनं डावी बाही चाचपली, मग उजवी. कापड कुठल्या बाहीवर होतं, हेच त्याला आठवेना.