मानशीचं दार

दत्तारामने हातोडीचा दुसरा घाव घातला आणि लोखंडी खीळ निसटून त्याच्या हातात आली. मोटरीचा पोलादी दांडा दारापासून सुटला. त्याच क्षणी भरतीच्या पाण्याने मानशीचं लाकडी दार धाडकन मिटवलं.

खारं पाणी आत शिरायचं थांबलं.

तो बांधावरच बसला. शेतात भाताची रोपं वीतभर वर आली होती. दार आणखी अर्धा तास उघडं राहिलं असतं, तर नार्वे गावाचं खालचं अख्खं शेत खारावलं असतं. ओहोटीला शेतातल्या पाण्याने दार उघडायचं, भरतीला नदीच्या पाण्याने मिटायचं; नदीच्या बांधातली ही मानस, म्हणजे झडपेची मोरी, पिढ्यान्‌पिढ्या अशीच चालत आली होती. आताचं दार दत्ताराम मेस्ताने अकरा वर्षांपूर्वी स्वतः घडवलेलं. मटीचं लाकूड, खाऱ्या पाण्यातही न कुजणारं.

कालच त्या दारावर मोटर बसली होती. पाण्याची पातळी मोजायला दोन सेन्सर, दाराची हालचाल टिपायला एक, आणि खांबावर कंट्रोलची पेटी. पातळी बदलली की मोटर दार हलवणार, आणि सगळी नोंद पुण्याच्या ऑफिसात दिसणार. पंधरा दिवसांची चाचणी होती.

हे सगळं बसवलं होतं शेजारच्या मुळगावच्या इंजिनिअर गौरवीने. तिची ही पहिलीच मोठी कामगिरी. पोटरीभर चिखलात उभी राहून तिने स्वतः वायरी ओढल्या. पुण्याहून आलेले दोन धिप्पाड बाप्ये तिला विचारून एकेक स्क्रू आवळत होते. ते बघून दत्तारामची छाती उगाचच फुगली होती. आपल्या बाजूची पोर!

आणि आज पहिल्याच भरतीला मोटर दार अर्धवट ओढून अडकली होती.

फोन वाजला. गौरवी काल संध्याकाळच्या गाडीने निघून पहाटे पुण्याला पोचली होती.

"काका, दार मिटलां?"

"मिटलां गो बाय. वेळार."

"आवाज कसो आयलो?"

"दाराचो? नेहमीसारखो."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग ती म्हणाली, "बरां. आता काय हालवू नकात. असा तसांच रवांदे."

दत्तारामने खीळ खिशात टाकली. ती परत ठोकावी, तर शेताला धोका. खरं सांगावं, तर पोरीची पहिलीच कामगिरी बुडणार. त्याने फोन ठेवून दिला.

त्यानंतर तिचा रोज फोन येऊ लागला. फळी किती जाड? दोन इंच. दार पुढे कलतं कशाला? थोडा कल दिला की पाणी लागताच मिटतं. बिजागरीला तेल कुठलं? तो सगळं सांगत गेला. सांगताना त्याला बरं वाटायचं. दाराबद्दल इतकं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मापां कित्याक घेता ती?" विनोदिनीने, त्याच्या बायकोने, एका सकाळी चहा ओतता ओतता विचारलं. "तुमचां दार काडून लोखंडाचां घालूक. दुसरां काय?"

दत्तारामने कप तसाच खाली ठेवला.

सोळाव्या दिवशी बांधावर मंडप पडला. सरकारी अधिकारी आले, गौरवीचे साहेब आले, शेतकरी खुर्च्या धरून बसले. पडद्यावर आलेख उमटला. पाण्याची आणि दाराची, अशा दोन रेषा हातात हात घालून वर चढत होत्या, खाली उतरत होत्या.

"एकोणतीस भरत्या," गौरवी म्हणाली. "दार एकदाही चुकलं नाही. प्रत्येक भरतीला मिटलं."

टाळ्या झाल्या. दत्तारामनेही वाजवल्या. इतक्या लोकांसमोर ती न अडखळता बोलत होती.

मग अधिकारी उठले. "हा अहवाल आम्ही मान्य केला आहे. आणखी सात गावांच्या मानशी अशाच करणार."

दत्ताराम उठला. सात गावं. सात गावांची शेतं, आणि प्रत्येक दाराजवळ खीळ काढायला कोण असणार? त्याने गौरवीकडे बघितलं. ती हसत होती. तिच्याकडे बघून बोलणं जमणार नाही, म्हणून तो पडद्याकडे तोंड करून उभा राहिला.

"साहेब, माफ करा. ही मोटर चलली नाय. दार आपसूक चललां. मोटर अडाकली, म्हणान मी खीळ काडली. चेडवाचो काय दोष नाय, तिका ठावक नासलां. पण सात गावांची शेतां खारी करू नकात."

मंडपातल्या माना त्याच्याकडे वळल्या.

"खीळ कधी काढलीत?" गौरवीच्या साहेबांनी विचारलं.

"पयल्याच सकाळी."

"सहा वाजून बारा मिनिटांनी," गौरवी म्हणाली.

दत्ताराम गर्रकन वळला.

"मोटरीवरचा भार त्या मिनिटाला शून्यावर आला, काका. मी पुण्यात स्क्रीनसमोरच बसले होते." तिने टेबलावरचा अहवाल उचलला, शेवटचं पान उघडलं आणि त्याच्या हातात दिलं. "वाचा. मोठ्यान वाचा."

दत्तारामने पान डोळ्यांपासून लांब धरलं.

"सातही मानशींना मोटर बसवू नये," तो अडखळत वाचू लागला. "सेन्सर फक्त पाण्यावर नजर ठेवतील. सातही दारं मटीच्या लाकडाची असावीत, आणि ती घडवून घ्यावीत नार्व्याच्या दत्ताराम मेस्त यांच्याकडून."