आधी कधी दुखलं होतं?

शोभाबाईंच्या छातीत पहाटेपासून कळ येत होती. लुनावरून हिंगणघाटच्या दवाखान्यात नेताना प्रफुलनं आईला बजावलं, “मागचा झटका डॉक्टरले सांगू नको. पॉलिसी काढताना आपण लपवला होता. जुनी बिमारी निघाली तर कंपनी खर्च देत नाई.” डॉक्टरांनी विचारलं, “आधी कधी असं दुखलं होतं?” शोभाबाईंनी लेकाकडे पाहिलं. त्याचं बांगड्यांचं दुकान आत्ता कुठे चालू लागलं होतं. “नाई जी, पहिल्यांदाच.” “मग पित्त असेल. गोळ्या देतो.” त्या उठल्या, पण दारापाशी पाय लटपटले. सावरताना प्रफुलला आईचा हात गार लागला. “डॉक्टरसाहेब, तिले आधी झटका आला होता,” तो म्हणाला. दाखल केल्यावर ऑक्सिजनच्या मास्कआडून शोभाबाई पुटपुटल्या, “काऊन सांगतलं? आता दुकान विकावं लागन.” “विकू,” लेक म्हणाला. शोभाबाई वाचल्या, पण विकलेल्या दुकानाच्या गल्लीनं पुन्हा कधी गेल्या नाहीत.